अंगणातली हिरवळ



वर्धापनदिनी काहीतरी उपयोगाचे बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. मी बागशास्त्र शिकलेली नाही. पण घरापुढची हिरवळ एकदा वाळवून आणि दुसऱ्यांदा जगवून जे कळले, ते आपल्यापुढे ठेवते.

पहिल्या वेळी मी बारीक पात्याच्या परदेशी गवताचे तयार गालिचे आणले आणि भर एप्रिलात अंथरले. शेजारणींनी कौतुक केले. रोज संध्याकाळी नळी धरून मी वरवर पाणी शिंपडीत असे. आपल्या शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झाले, त्यानंतरचाच तो उन्हाळा. एके दिवशी सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "गवताला पाणी पाजतेस, आणि घरात हंडा पालथा पडलाय." मला मान वर करवेना. महिन्याभरात गालिचा वाळला तो वाळलाच. उचलून पाहते तो बोटभर मातीखाली नुसता मुरूम आणि विटांचे तुकडे!

गंमत अशी, की कुंपणाच्या कडेला कोणी न लावलेली हरळी मात्र तग धरून होती. सासूबाई तिच्याच दूर्वा खुडून गणपतीला वाहात. ज्या चिंचवडात मोरया गोसावींची समाधी आहे, तिथे राहून मला दूर्वेची ओळख पटू नये, याची लाज वाटली. शेतकरी हरळीला शिव्या देतो आणि वडीलमाणसे 'हरळीच्या मुळीसारखा वंश वाढो' असा आशीर्वाद देतात. दोन्हींचे कारण एकच. तिचे धुमारे जमिनीवर पसरतात, तसेच जमिनीखालीही. पाण्यावाचून पाती पिवळी पडली, तरी खालची पेरे जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर फुटतात.

दुसऱ्या खेपेस मी हरळीच लावली. उन्हाळ्यात जमीन वीतभर खणली, दगडविटा वेचल्या. आपल्याकडे नदीकाठी काळी माती, तर चढावर मुरूम. काळी माती पावसात चिकट होते व उन्हात भेगाळते. तीत वाळू आणि कुजलेले खत मिसळावे. मुरमावर चांगली माती आणून घालावी. उतार घरापासून बाहेर काढावा, म्हणजे पाणी साचत नाही. शेणखत पुरते कुजलेले हवे. कच्च्या शेणाने हुमणी येते आणि ती मुळेच खाते.

पहिल्या सरीनंतर तण उगवते, ते आधी उपटून टाकावे. लव्हाळ्याच्या गाठी खणूनच काढाव्यात. नुसता वरून ओढला तर पुन्हा फुटतो. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे. आपल्या देशात ते १९५५ च्या सुमारास पुण्यातच नजरेस आले, आणि त्याने अंगाला खाज सुटते, हे आपण जाणतोच.

मग जून-जुलैत हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर टोचावेत. एक पेर मातीत, शेंडा वर. पुढचे पाणी पाऊसच घालतो. जागा मात्र उन्हाची हवी; आंब्याच्या दाट सावलीत हरळी धरत नाही, तिथे फरशी किंवा कुंड्या बऱ्या. गवत तीन बोटे वाढले, की वरचा तिसरा हिस्साच कापावा. उन्हाळ्यात थोडे उंचच ठेवावे, म्हणजे मुळांवर सावली राहते.

आता पाण्याचा हिशेब. दहा फूट लांब, दहा फूट रुंद तुकड्याला एकदा खोलवर भिजवायला सुमारे १८० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या बारा बादल्या लागतात. तीस फूट लांब-रुंद हिरवळ केली, तर त्याच्या नऊपट! शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे चार माणसांच्या घराचे तीन दिवसांचे पाणी एका वेळी गवतात गेले. म्हणून माझी हिरवळ दहा फुटांचीच आहे. रोज शिंपडले तर मुळे वरच राहतात आणि एका उन्हाने होरपळतात. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी पहाटे पुरते भिजवले, की ती खाली जातात. दिवसाआडच्या पाण्याशीही हे जमते.

तांदूळ-भाजी धुतलेले पाणी मी तिथेच ओतते. पाणी गाळण्याच्या यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात मात्र क्षार असतात. तेच रोज घातले तर काळी माती बिघडते. आणि टंचाई फारच झाली, तर मी गवताला पाणीच देत नाही. मे महिन्यात ते तपकिरी दिसते, येणारेजाणारे म्हणतात, "अहो, वाळली की!" मी म्हणते, "झोपली आहे."

भगिनींनो, हिरवळ बारमाही हिरवी दिसलीच पाहिजे, हा हट्ट सोडला, की ती आपल्या अंगणात सुखाने नांदते. आता सासूबाई संध्याकाळी तिच्यावर अनवाणी चालतात, आणि सकाळी तिथल्याच दूर्वा खुडतात. हंडाही भरलेला असतो.