रिकामी पुंगळी



खानदेशात काडतुसाविषयी बोलायचे म्हणजे वरणगावाचे नाव आधी घ्यावे लागते. भुसावळजवळच्या या गावी १९६४ साली काडतुसांचा सरकारी कारखाना निघाला.

काडतुसात गोळी, दारू, ठिणगी पाडणारी टोपी आणि या सर्वांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी असते. बार झाल्यावर पुंगळी तेवढी कामाची उरते. मग तीच पुन्हा का भरू नये? तडा गेलेला तांब्याही मोडीवर देणाऱ्या आम्हां खानदेशी माणसांना हा प्रश्न सुचणारच, आणि तो रास्तही आहे.

पुंगळी पुन्हा भरता येते. परदेशांतील नेमबाज भरतातही. पण सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त यांचे हे पितळ बार होताच फुगून नळीला आतून चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दर बाराला ते ताणले जाते, कडक होते. तांबट ठोकलेले भांडे पुन्हा तापवून नरम करतो, ते याचसाठी. थकलेली पुंगळी फाटली, तर तापलेला वायू बंदूक धरणाऱ्याच्याच तोंडावर येतो!

इंग्रजी अमदानीत तर हिंदुस्थानातील पलटणींची न उडवलेली काडतुसेही पावसाळ्यात तडकत. ती पागांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया ताणलेल्या पितळेला चिरतो, हा उलगडा १९२१ साली झाला.

परवान्यावाचून काडतूस बनवणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. रिकामी पुंगळीही म्हणूनच मोकळी सोडत नाहीत. चांदमारी संपली, की शिपाई वाकून पुंगळ्या वेचतात, आणि त्या मोजून परत कराव्या लागतात.