चेंडूचा जोर कुठून येतो?

सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात चेंडू आला, की आपण म्हणतो, 'काय दंडात ताकद आहे!' पण हा जोर सुरू होतो पायांतून. पुढचा पाय घट्ट रोवला जातो, कंबर वळते, मागोमाग छाती आणि खांदा. कोपर, मनगट, बोटं सगळ्यात शेवटी. नुसता हात फिरवून फेकणाऱ्या मुलांना प्रशिक्षकांनी आधी हेच शिकवायला हवं.

वेग मात्र स्वस्तात वाढत नाही. साधारण १६० ग्रॅमच्या त्याच चेंडूचा वेग दुप्पट करायचा, तर ऊर्जा चौपट लागते. हवेचा विरोधही जवळपास तितकाच वाढतो. म्हणून तर २००३ च्या विश्वचषकात शोएब अख्तरने टाकलेल्या ताशी १६१.३ किलोमीटरच्या चेंडूचं आजही नाव निघतं.

लांब फेकीसाठी पुस्तकातला ४५ अंशांचा कोन मैदानावर उपयोगी पडत नाही. हवा अडवते, शिवाय इतकं वर फेकताना हाताला पूर्ण वेग मिळत नाही. कोन त्याहून बराच कमी ठेवावा. धावबाद करायचं असेल तर फेक आणखी सपाट हवी. मध्ये एक टप्पा पडला तरी उंच तरंगणाऱ्या चेंडूपेक्षा ती बहुतेक वेळा लवकर पोहोचते.