आधी नावाचा शेवट ऐका



फार्मसीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींची एकच तक्रार असते.
औषधांची नावं लक्षात राहत नाहीत!

मग एक करा.
आधी नावाचा शेवट ऐका.

अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल.
शेवटी ‘ओलॉल’.
ही औषधं हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरवतात.

लोसार्टन, टेल्मिसार्टन.
शेवटी ‘सार्टन’.
हीसुद्धा रक्तदाबाचीच.

अटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन.
शेवटी ‘वास्टॅटिन’.
ही कोलेस्टेरॉल कमी करणारी.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल.
ही पोटातलं आम्ल कमी करणारी.

मात्र शेवट पुरता ऐका, बरं का!
निस्टॅटिनमध्येही ‘स्टॅटिन’ आहे.
पण त्याआधी ‘वा’ नाही.
ते बुरशीवरचं औषध.

आता अभ्यास कसा करायचा?
वहीत प्रत्येक गटाला एक पान द्या.
रोज एकच गट घ्या.
नावं मोठ्यानं म्हणा.
मग वही मिटून लिहून काढा.
आठवड्यानं पुन्हा तपासा.

औषधाच्या पाकिटावर ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नावही असतं.
ते वाचायची सवय लावा.

पुन्हा सांगते,
आधी नावाचा शेवट ऐका.
त्यावरून गट ओळखा.

आणि उद्या काउंटरवर उभे राहाल,
तेव्हा शंका आली, तर आठवणीवर विसंबू नका.
डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा वाचा.