चित्रकाराची जेनी

(संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



संमेलनात बोलावयास उभे राहिलेल्या माणसाकडून शिक्षण, शिस्त, ज्ञातीची उन्नती अशा भारदस्त विषयांची अपेक्षा असते. आम्ही आज एका कुत्रीविषयी बोलणार आहोत. ह्यामुळे कोणाचा विरस होणार असेल तर तो दोष आमचा नव्हे, आपल्या ग्रंथालय समितीचा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी एका कुटुंबाने गेल्या वर्षी मुलांच्या कपाटासाठी काही चित्रमय पुस्तके पाठविली. त्यांतील एका पुस्तकावर पालकांची हरकत आली. त्यातली कुत्री आपले घर सोडून जाते आणि परत येत नाही. ते ऐकून एक मुलगी रात्रभर रडली. असले पुस्तक मुलांच्या हाती देऊ नये, असे त्या पालकांचे म्हणणे. समितीने निवाड्यासाठी पुस्तक आमच्या हवाली केले. आम्ही ते चार वेळा वाचले, चित्रकाराच्या चरित्राचीही जमेल तेवढी माहिती करून घेतली. आता निवाडा सांगण्यापूर्वी ती हकीकत आपल्या कानांवर घालणे आम्हांस अवश्य वाटते.

ह्या चित्रकाराचे नाव मॉरिस सेंडॅक. त्यांचा जन्म 1928 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. आईबाप पोलंडमधून आलेले, ज्यू धर्माचे. मूल दुखणाईत. बराच काळ अंथरुणात जावयाचा, आणि खिडकीतून रस्त्यावरची मुले पाहावयाची, हाच खेळ. आपण फार दिवस जगणार नाही ही धास्ती त्या वयातच मनात बसली. पुढे महायुद्ध आले. युरोपात मागे राहिलेले कितीतरी आप्त नाझींच्या हातून मारले गेले, आणि त्याची वार्ता घरात येऊन थडकली तेव्हा हा मुलगा अवघा तेरा वर्षांचा होता. मृत्यू ही गोष्ट मुलांपासून लपविता येते ह्यावर अशा माणसाचा विश्वास कसा बसावा?

शिक्षण बेताचेच. खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानात काचेमागची मांडणी सजविण्याचे काम त्यांनी केले, आणि तेथूनच पुस्तकांची चित्रे काढण्याच्या व्यवसायात शिरले. 1953 साली मेइंडर्ट डीजाँग ह्या लेखकाच्या एका कादंबरीसाठी त्यांनी चित्रे काढली. घर हरवलेल्या, भटकणाऱ्या एका कुत्र्याची ती कथा होती. त्याच सुमाराच्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या घरी जेनी आली.

जेनी ही सीलिहॅम टेरियर जातीची. ही जात मूळची वेल्समधली. तेथील एका कॅप्टनने गेल्याच्या मागील शतकात पाणमांजर आणि बिज्जू ह्यांच्या शिकारीसाठी ती तयार केली. पांढरी झिपरी लव, आखूड पाय, जमिनीलगत लांबट अंग, आणि तोंडावर दाढीसारखे केस. दिसावयास काही राजबिंडे जनावर नव्हे. परंतु सेंडॅक ह्यांचा तिच्यावर असा जीव जडला की ते काढीत असलेल्या पुस्तकांत ती हळूच येऊन बसू लागली. गोष्टीत कुत्र्याचे काम असो वा नसो, कोपऱ्यात जेनी आहेच. ज्या पुस्तकाने त्यांना जगात कीर्ती मिळवून दिली आणि 1964 साली कॅल्डेकॉट पदक मिळाले, ते 1963 चे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ आपल्या कपाटात आहे. त्याच्या आरंभीच लांडग्याचा पोशाख केलेला मॅक्स नावाचा द्वाड पोरगा हातात काटा घेऊन एका पांढऱ्या कुत्र्याच्या मागे लागलेला दिसेल. जीव घेऊन जिन्यावरून पळणारी ती जेनीच. मालकाने तिला पदकाची मानकरी केली, पण काम दिले ते मार चुकविण्याचे! ह्या थट्टेतही किती सलगी आहे पाहा. परक्याच्या कुत्र्याची अशी थट्टा कोणी करीत नाही.

आता हरकतीचे पुस्तक. त्याचे नाव ‘हिगल्टी पिगल्टी पॉप’, प्रकाशन 1967. नावाची गंमत सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात सॅम्युएल गुडरिच नावाचे एक अमेरिकन लेखक होते. मुलांच्या निरर्थक बडबडगीतांचा त्यांना मोठा तिटकारा. असली गाणी कोणताही पोर रचू शकेल हे दाखविण्यासाठी त्यांनी मुद्दाम एक अर्थहीन गाणे जुळविले. त्यात दांडीचे पोतेरे खाऊन टाकणारा एक कुत्रा आहे. झाले भलतेच. गुडरिच ह्यांची गंभीर पुस्तके लोक विसरले, आणि ते गाणे मुलांच्या तोंडी बसले. आम्हा मास्तरमंडळींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

सेंडॅक ह्यांच्या पुस्तकात ह्या पोतेरे खाणाऱ्या कुत्र्याची भूमिका जेनीला मिळते. गोष्ट अशी. जेनीपाशी सर्व काही आहे. वरच्या मजल्यावर एक उशी, खालच्या मजल्यावर दुसरी, थंडीसाठी लाल लोकरी स्वेटर, जेवणाची दोन भांडी आणि प्रेम करणारा धनी. तरीही जे आपल्यापाशी नाही असे काही मिळविण्यासाठी ती पिशवी भरून घराबाहेर पडते. निघण्यापूर्वीच सोबतीचे रोपटे खाऊन टाकते, वाटेत डुकराजवळची सँडविचे फस्त करते. नाटक मंडळीत प्रमुख नटी व्हावयाचे तर अनुभव पाहिजे असे कळल्यावर, काही केल्या न जेवणाऱ्या एका बाळाची ती दाई होते, आणि तेथे सिंहाशी गाठ पडते. शेवटी ती नटी होते. खेळात तिला रोज पोतेरे खावयाचे असते, आणि ते पोतेरे सलामी नावाच्या मांसाच्या पदार्थाचे केलेले असते! शेवटच्या पानावर तिचे धन्यास पत्र आहे. आपण आता परत येणार नाही, ह्या ठिकाणाचा रस्ता आपल्याला सांगता येत नाही, पण कधी इकडे आलात तर मला शोधा, एवढाच त्याचा आशय.

वरवर पाहता ही गंमतच. परंतु जेनीच्या सामानाच्या यादीकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. त्यात डोळ्यांत घालावयाचे थेंब आहेत, कानात घालावयाचे थेंब आहेत, गोळ्यांच्या दोन बाटल्या आहेत, तापमापक आहे. हे सुखवस्तू कुत्रीचे वैभव नव्हे. ही म्हाताऱ्या, आजारी कुत्रीच्या उशाजवळची फळी आहे. ज्याने रोज रात्री ते थेंब घातले त्यालाच ही यादी सुचते. पुस्तकातील चित्रेही पाहावीत. इतरत्र रंगांची उधळण करणाऱ्या ह्या चित्रकाराने येथे रंग अजिबात वापरला नाही. काळ्या शाईच्या एकीवर एक पडलेल्या बारीक रेघांनी जेनीच्या अंगावरची झिपरी अन् झिपरी काढली आहे. दाढीचा लोंबता केस, जडावलेली पापणी, बसताना पसरणारे पोट, ह्यांतले काहीही सुंदर केलेले नाही. आपल्या माणसाचे निघून जाणे जवळ आले म्हणजे आपण त्याच्याकडे जसे पाहतो, तसे पाहून काढलेली ही चित्रे आहेत.

आणि तसेच झाले. 1967 साली सेंडॅक इंग्लंडात असता त्यांना हृदयविकाराचा झटका आला. वय चाळिशीच्या आत. आईला कर्करोग जडला होता. ती 1968 मध्ये गेली. आणि जेनी त्याच 1967 सालात गेली. म्हणजे पुस्तक लिहिले गेले ते कुत्री जिवंत असताना, तिला निरोप म्हणून.

येथे आपणांस युधिष्ठिराची आठवण झाली असेल. बरोबर आलेल्या कुत्र्याला टाकून आपण स्वर्गात यावयाचे नाही, असे त्याने इंद्रास सुनावले. परंतु तेथे कुत्रा अखेरीस यमधर्म निघतो, आणि सत्त्वपरीक्षा संपते. सेंडॅक ह्यांची जेनी शेवटपर्यंत जेनीच राहते. खादाड, हट्टी, दाढीवाली. देवत्व आल्याखेरीज तिच्यासाठी रडू नये असे तिचा धनी मानीत नाही. आम्हांस, खरे सांगावयाचे तर, हे अधिक कठीण वाटते.

आता एक गोष्ट आमच्या नोकरीतली. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा कुत्रा, मोत्या, शाळेच्या दारापर्यंत त्याला पोहोचवावयास येई. एके दिवशी दुपारी मोत्या मालमोटारीखाली सापडला. मुलगा वर्गात होता, त्याने पाहिले नाही. त्याच्या वडिलांनी आणि आम्ही मिळून ठरविले, आणि आम्हीच त्याला सांगितले, की मोत्याला राखणीसाठी दूरच्या मळ्यावर धाडले आहे. आम्हांस वाटले, आठ दिवसांत विसरेल. तो पोर खिशात भाकरीचा तुकडा ठेवून दर रविवारी मळे धुंडाळीत होता, हे आम्हांस महिन्याने कळले. पुढे मोठ्या मुलांनी त्याला खरे काय ते सांगून टाकले. तो आम्हांस काही बोलला नाही. फक्त त्यानंतर वर्षभर आमच्या तासाला त्याने एकदाही हात वर केला नाही. पुस्तकातल्या जेनीचे पत्र वाचताना आमच्या डोळ्यांपुढे तो खिसा आला. त्या पत्रातही ‘गेली’ हा शब्द नाही, हे खरे. तथापि ते खोटी आशा दाखवीत नाही. परत येणार नाही, हे ते स्वच्छ सांगते. आमच्या बोलण्यात नेमके तेवढेच नव्हते.

ज्यांच्या घरी मुलांनी कुत्र्याचा हट्ट धरला असेल त्यांच्यासाठी सेंडॅक ह्यांचे आणखी एक पुस्तक आहे, ‘सम स्वेल पप’, 1976 चे. कुत्र्यांना शिकविणारे मॅथ्यू मार्गोलिस ह्यांच्या सहकार्याने ते झाले. पिल्लू घरभर घाण करते, वस्तू चावते, मुले चिडतात, आणि मग त्यांना धीर धरावयास शिकविले जाते. तुम्हांला खरोखरच कुत्रा हवा आहे काय, हा प्रश्न पुस्तकाच्या नावातच घातला आहे. हल्ली आपल्या सोसायट्यांतून महागाची पिल्ले वाढदिवसाला आणून दिवाळीपर्यंत रस्त्यावर सोडलेली आम्ही पाहतो, म्हणून हा उल्लेख केला.

जेनीनंतर सेंडॅक ह्यांनी मोठे जर्मन शेफर्ड पाळले. 1972 पासून ते कनेटिकट राज्यातील रिजफील्ड येथे राहत. 1981 च्या ‘आउटसाइड ओव्हर देअर’ ह्या पुस्तकात तसाच एक कुत्रा बसलेला आहे. अखेरच्या वर्षांतल्या कुत्र्याचे नाव हर्मन, आवडत्या मेलव्हिल ह्या कादंबरीकारावरून ठेवलेले. हा कुत्रा जर्मन आहे आणि मी ज्यू आहे हे त्याला ठाऊक नाही, अशी थट्टा म्हातारपणी ते करीत. ज्यांचे आप्त जर्मनांनी मारले त्यांच्या तोंडची ही थट्टा आहे, हे ऐकणाऱ्याने विसरू नये. 2012 साली, वयाच्या 83 व्या वर्षी ते वारले.

तेव्हा निवाडा असा, की पुस्तक कपाटातच राहावे. मात्र लहान मुलांनी ते घरी नेले असता मोठ्या माणसाने शेजारी बसून वाचावे, आणि शेवटच्या पानावर मुलाने काही विचारल्यास खरे उत्तर द्यावे. रडलेल्या मुलीच्या मातोश्री आज सभेत आहेत. काल त्या आम्हांस भेटल्या. मुलीने जेनीला उत्तराचे पत्र लिहिले आहे आणि ते कोणत्या पत्त्यावर टाकावयाचे, असे ती विचारते आहे. आम्ही त्यांना सांगितले की पत्ता आम्हांलाही माहीत नाही, आणि हे तिला तसेच सांगा. पुस्तकाची शिवण थोडी उसवली आहे. ती करून घेऊन सोमवारी आम्ही ते ग्रंथपालांच्या स्वाधीन करू. मागणी-वहीत पहिले नाव त्या मुलीचेच आहे.