पणजोबांचं नाव कोतवालाच्या वहीत

जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ लिहायला बसलं, की पणजोबांपाशी पेन थांबतो. तिथून पुढचा माग कोतवाल पंजीत लागतो.

मध्यप्रांतात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर पोहोचवी आणि ती या वहीत चढे. तिच्यात बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’, एवढंच. म्हणून आजोबांचा जन्म हुडकायचा, तर बघायचं पणजोबांचं नाव! आईचा पत्ता क्वचितच लागतो, ही या वह्यांची मोठी उणीव.

दुसरी वाट शेतीची. शेत वारसांच्या नावे चढलं, की फेरफारात नातं लिहिलं जातं. अक्षर मोडी निघालं, तर जाणकार गाठा.

 

आपली पारशिवनी पूर्वी रामटेक तहसिलीत होती. तेव्हा इथल्या तहसिलीत नोंद सापडली नाही, तर रामटेकच्या अभिलेख कक्षातही विचारा, आणि प्रमाणित नक्कलच मागा.