माणसाची वंशवेल : शिडी की झाड?



एक चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. एका टोकाला वाकलेले माकड, मग हळूहळू ताठ होत जाणारी माणसे, आणि शेवटी आजचा माणूस. जमिनीतून निघालेल्या हाडांवरून अशी सरळ रांग खरोखर लागते का? नाही लागत. पण म्हणून काही जण म्हणतात, उत्क्रांतीच खोटी! ते मात्र आम्हाला पटत नाही.

पुरावाच बघू या. 1974 साली इथिओपियात 'ल्युसी'चा सांगाडा सापडला. वय सुमारे 32 लाख वर्षे. मेंदू लहान, पण ती दोन पायांवर चालत होती. म्हणजे चालणे आधी, मोठा मेंदू नंतर. 2003 साली इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फुटांच्या माणसांची हाडे निघाली. 2013 साली दक्षिण आफ्रिकेच्या एका गुहेत 'नालेदी' मानव सापडला. त्याचा मेंदू छोटा, पण काळ फक्त अडीच-तीन लाख वर्षांपूर्वीचा! तेव्हा आपल्या जातीची माणसेही आफ्रिकेत होती. मग रांगेत पुढे कोण, मागे कोण? आपल्या नर्मदेकाठी हथनोरा येथे 1982 साली कवटीचा जो भाग मिळाला, तो नेमका कोणत्या मानवाचा यावर विद्वानांचे अजून एकमत नाही.

याचा अर्थ एवढाच, की ही शिडी नाही, झाड आहे. फांद्या फुटल्या, काही वाळून गेल्या. काही पुन्हा एकमेकींत मिसळल्या. निअँडरथल मानवाचा थोडासा अंश आपल्याही रक्तात आहे, हे 2010 पासून माहीत झाले आहे. आजची माकडे आपले आजोबा नव्हेत, लांबचे भाऊबंद आहेत.

विज्ञानातही फसवाफसवी झाली. 1912 साली इंग्लंडमध्ये 'पिल्टडाउन मानव' गाजला. माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडलेला होता. ही लबाडी 1953 साली उघड झाली, आणि ती उघड केली शास्त्रज्ञांनीच. आपली चूक आपणच तपासणे, हीच कालामांना तथागतांनी सांगितलेली वाट नव्हे काय?

बंधू-भगिनींनो, आपल्याला या शिडीची काळजी का? कारण शिडी आली की वरची पायरी आणि खालची पायरी आली. इंग्रज अधिकारी रिस्ले याने नाके मोजून जातींची उतरंड लावली होती. बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण?' या विषयावरील 1948 च्या ग्रंथात नाकांच्या मापांचेच आकडे तपासले आणि दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळ्या वंशांचे नाहीत. त्यांनी मोजमाप नाकारले नाही, मोजमापातून काढलेला खोटा निष्कर्ष नाकारला. आपणही तसेच करायचे.

2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. शाळेत जे राहिले, ते विहारात शिकवू या. रविवारच्या बालवर्गात एक तास याचा ठेवावा, मुलांनी प्रश्न विचारावेत, आणि उत्तर येत नसेल तर मोठ्यांनी मुलांबरोबर पुस्तक उघडावे, एवढीच आमची नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!