केरसुणी आणि आखाडा

सुरतेचे नाव काढले की आपणां मराठी माणसांना दोन गोष्टी हटकून आठवतात. एक म्हणजे शिवाजीमहाराजांच्या १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्या, आणि दुसरी, १९०७ सालच्या काँग्रेसच्या अधिवेशनात व्यासपीठावर भिरकावला गेलेला जोडा. तो जोडा मराठी घाटाचा होता, असे तेथे हजर असलेल्या नेव्हिन्सन या इंग्रज बातमीदाराने लिहून ठेवले आहे. मी आज सुरतेविषयीच बोलणार आहे. परंतु लुटीविषयी नव्हे आणि जोड्याविषयीही नव्हे. मला बोलायचे आहे ते एका केरसुणीविषयी.

उधन्याच्या बाजूला, जेथे तापीकाठच्या खानदेशातून आलेली आपली हजारो कुटुंबे यंत्रमागांच्या खडखडाटात नांदत आहेत, तेथे एक वाडी आहे. लग्नमुंजींसाठी भाड्याने देतात तिला सुरतेत वाडी म्हणतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी या वाडीत कराटेचा वर्ग भरतो. माझी नात तेथे जाते, आणि तिला पोहोचविण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे मीही एका बाजूच्या खुर्चीवर बसून असतो. लहानपणी मी तालमीत गेलेला माणूस. जोर, बैठका, हौद्यातील तांबडी माती हे माझे बाळपण. त्यामुळे पांढरे कपडे घालून हात झाडणारी ही मुले पाहून पहिल्या दिवशी मला थोडे हसूच आले होते. परंतु त्या दिवशी एक गोष्ट पाहिली आणि हसू मावळले. वर्ग सुरू होण्यापूर्वी चार मुलांनी कोपऱ्यातल्या केरसुण्या घेतल्या आणि सगळी फरशी झाडून, ओल्या फडक्याने पुसून काढली. त्यांत कमरेला तपकिरी पट्टा बांधलेला मोठा मुलगाही होता. मग सर्वांनी दाराशी वाकून नमस्कार केला आणि आत पाऊल टाकले.

गेल्या महिन्यात एका मुलाचे वडील शिक्षकांकडे आले. कापडबाजारात हिशेबनिशी करणारे गृहस्थ, स्वभावाने सौम्य. म्हणाले, “सर, आम्ही फी भरतो. घरी पोराच्या हाती कधी केरसुणी दिली नाही, आणि इथे त्याने लोकांची फरशी पुसायची? वाडीवाल्याला सांगा ना एखादा माणूस ठेवायला.” शिक्षक तरुण आहेत. ते म्हणाले, “साहेब, हासुद्धा शिकण्याचाच भाग आहे.” वडिलांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या उत्तराने माझेही झाले नाही. “शिकण्याचा भाग” म्हणजे नेमके काय? घरी परतताना मी त्याच विचारात होतो.

ही मुले शिकतात त्या पद्धतीला गोजू-र्‍यू म्हणतात. ‘गो’ म्हणजे कठीण आणि ‘जू’ म्हणजे मृदू. ती ओकिनावाची. ओकिनावा हे जपानच्या दक्षिणेचे बेट एके काळी र्‍यूक्यू नावाच्या स्वतंत्र राज्यात होते. १६०९ साली सात्सुमाच्या सरदारांनी ते राज्य जिंकले आणि १८७९ साली जपानने खालसा केले. ही विद्या तेथे फार काळ घराच्या मागील अंगणात, मोजक्या शिष्यांना शिकविली जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसू आंको यांनी ती शाळांत नेली. पुढे २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहा या शहरात जाणते गुरू एकत्र बसले आणि ‘चिनी हात’ असा अर्थ होणाऱ्या अक्षरांऐवजी ‘रिकामा हात’ या अर्थाची अक्षरे त्यांनी पसंत केली. कमरेचे रंगीत पट्टे आणि पदव्यांच्या पायऱ्या ही ओकिनावाची जुनी चाल नव्हे. ती ज्यूडोकडून, म्हणजे जपानच्या मुख्य भूमीकडून आलेली उसनवारी आहे. पट्टा कधी मिळेल, असे जे पालक रोज विचारतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे!

गोजू-र्‍यूचे प्रवर्तक मियागी चोजून हे १८८८ साली जन्मले आणि १९५३ साली निवर्तले. त्यांच्याकडे येणाऱ्याला ठोसे आणि लाथा लगेच मिळत नसत. आधी साधनांवर शरीर घडवायचे. मी त्या साधनांची चित्रे पाहिली तेव्हा आपल्याच तालमीत आल्यासारखे वाटले. लाकडी दांड्याच्या टोकाला दगड बसवितात, त्याला ते चि-इशी म्हणतात. आपली गदा तरी दुसरे काय आहे? दांडा आपला लांब, त्यांचा आखूड, एवढाच भेद. तोंडाच्या काठाला बोटांनी पकडून उचलायचे मातीचे रांजण असतात, त्यांत वाळू दिवसेंदिवस वाढवीत न्यायची. खांब त्यांच्याकडेही आहे. पण आपण मल्लखांबावर चढतो, आणि ते काथ्या गुंडाळलेल्या खांबावर मुठी मारतात. या साधनांखेरीज सानचिन नावाची एकच संथ हालचालमाला श्वासाच्या तालावर वर्षानुवर्षे घोटायची. दोन-तीन वर्षांत कंटाळून जाणारे निघून जात. राहत ते राहत.

आता या गोष्टीतला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. १९४५ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत ओकिनावावर जी लढाई झाली तीत एक लाखाहून अधिक बेटवासी मेले. मियागींचा पट्टशिष्य जिन-आन शिंझातो त्या वर्षी गेला. गुरूची स्वतःची मुलेही गेली. साधने गेली, घरे गेली. अशा वेळी विद्या कशी जगली? युद्धानंतर नाहामध्ये मियागींनी आपल्या घराच्या अंगणात पुन्हा शिकवायला सुरुवात केली. डोक्यावर छप्पर नव्हते. येणारे शिष्य थोडे. तेच जागा झाडीत, दगड उचलून आणीत आणि मग सानचिनला उभे राहात. गुरूच्या मृत्यूनंतर त्यांच्यापैकीच मियाझातो एइची यांनी १९५७ साली जुंदोकान ही व्यायामशाळा उभी केली. मियागींची सारी विद्या एखाद्या ग्रंथात लिहिलेली नव्हती. ती त्या अंगणात येणाऱ्यांच्या अंगात होती, आणि अंगणात येण्याच्या रीतीत होती.

त्या जागेला जपानीत दोजो म्हणतात. हा शब्द कोठून आला हे कळले तेव्हा मला गंमत वाटली. बौद्ध ग्रंथांतील ‘बोधिमंड’, म्हणजे बुद्धाला जेथे ज्ञान झाले ती जागा, या संस्कृत शब्दाचे चिनी भाषांतर तेच. आपल्याकडे आपण म्हणतो तालीम. तो अरबी शब्द, आणि त्याचाही अर्थ शिक्षणच. वस्ताद हाही फारसीतून आलेला.

ओकिनावा दूर आहे, असे कोणी म्हणेल. सुरतेपासून वडोदरा तर दूर नाही? १९०७ च्या डिसेंबरात तापीकाठी काँग्रेस दुभंगली आणि त्यानंतर अरविंदबाबू सुरतेहून वडोदऱ्याला गेले. तेथील बांकानेर थिएटरात त्यांची व्याख्याने झाली. ऐकणाऱ्यांत एक शाळकरी मुलगा होता, अंबुभाई पुराणी. जन्म सुरतेचाच, सन १८९४ चा. व्याख्यानातले त्या वेळी आपल्याला फारसे समजले नाही, असे त्यांनीच पुढे प्रांजळपणे सांगितले आहे. त्यांचे थोरले बंधू छोटुभाई यांच्याशी अरविंदबाबूंचे बोलणे झाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत या दोघा भावांनी गुजरातेत गावोगाव आखाडे काढण्याचे काम हाती घेतले. त्यामागे क्रांतीचा हेतू होता, हे लपविण्याचे कारण नाही. १९१८ साली अंबुभाई पाँडिचेरीला गेले ते आपली मंडळी आता तयार आहे असे सांगण्यासाठी! अरविंदांनी त्यांना स्वातंत्र्याची हमी दिली आणि दुसऱ्याच वाटेला लावले. क्रांती राहिली, आखाडे मात्र उभे राहिले.

ज्या वडोदऱ्यात हे घडत होते तेथे एक तालीम आधीपासूनच नावारूपाला आली होती. तिचे वस्ताद जुम्मादादा हे मुसलमान, आणि त्यांनी ती सोपविली ती माणिकराव या आपल्या हिंदू शिष्याच्या हाती. माणिकरावांनी गुरूचेच नाव संस्थेला दिले आणि शेवटपर्यंत ठेवले. प्रोफेसर माणिकराव म्हणून ते पुढे ख्यात झाले. सांघिक कवायतीच्या आज्ञा इंग्रजी सोडून आपल्या भाषेत आणण्याचे श्रेय त्यांना देतात. मोडलेले हाड बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. याच वडोदऱ्यात द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत सिद्ध केले. गदा, जोडी, करेल, मल्लखांब, कुस्तीचे डाव, काय नाही त्यांत? ओकिनावाच्या गुरूने जे लिहिले नाही ते येथे दहा खंडांत लिहिले गेले. तरीही, श्रोतेहो, ते दहा खंड पाठ करून कोणी पैलवान झाल्याचे मी ऐकलेले नाही. ग्रंथालयात त्यांवर धूळ बसली तर ती झाडायलाही कोणीतरी लागतेच.

आमच्या तालमीत पहाटे पहिले काम असे ते हौदा उकरण्याचे. कुदळीने माती खणायची, ढेकळे फोडायची, त्यांत ताक, तेल आणि हळद मिसळायची, पाणी शिंपायचे आणि मग ती सारखी करायची. हे काम नव्या पोराचे खरे, पण वस्तादही कधी कधी कुदळ हाती घेत. त्या वेळी मला तो जुलूम वाटे. पुढे कळले की याच मातीवर मी पडणार होतो. खडा राहिला असता तर माझ्याच पाठीत रुतला असता, किंवा माझ्यामुळे दुसऱ्याच्या. ज्याला आपण पाडणार त्याच्या पाठीची काळजी आधी घ्यायची, हे मला कोणी व्याख्यान देऊन शिकविले नाही. ते कुदळीने शिकविले. उधन्याच्या त्या फरशीवर मुले अनवाणी उभी राहतात, पडतात, पुन्हा उठतात. वाळूचा एक कण पुरे असतो.

आमच्या तालमीचे गुणगान करताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. सगळ्याच तालमींचे दरवाजे सगळ्यांना उघडे नव्हते. जातीची तालीम, पेठेची तालीम असे भेद होते, आणि मुलींना तर तेथे उंबरठ्याच्या आतही प्रवेश नव्हता. माझी नात जेथे शिकते तेथे जवळजवळ निम्म्या मुली आहेत. या बाबतीत वाडीतला वर्ग आमच्या तालमीच्या पुढे गेला आहे, हे मी आनंदाने कबूल करतो. आणि म्हणूनच त्या वडिलांच्या बोलण्यातली केरसुणी मला अधिक बोचली. तिला ते नाखूश होते ते श्रमासाठी नव्हे. केरसुणी कोणाच्या हातात शोभते याविषयी आपल्या समाजाने शेकडो वर्षे जे ठरवून ठेवले आहे, ते त्यांच्या तोंडून बोलत होते. त्या सौम्य गृहस्थांना ते ठाऊकही नसेल.

मी त्यांना गाठले आणि माझ्या हौद्याची हकीकत सांगितली. ते हसले. म्हणाले, “काका, तुमच्या काळी फी नव्हती.” हे मात्र खरे होते, आणि माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हते. तालीम लोकवर्गणीवर, दात्यांवर, कोठे संस्थानिकांवर चाले. हा वर्ग तासाच्या भाड्यावर चालतो. भाडे घड्याळाने मोजतात. झाडण्यात जाणारी दहा मिनिटे पालकांनी पैसे मोजलेल्या तासातूनच जातात, ही त्यांची तक्रार निव्वळ अहंकाराची नव्हती.

शिक्षकांनी मग वाडीच्या मालकांकडे दहा मिनिटे आधी दार उघडण्याची विनंती केली आहे, भाडे न वाढविता. मालक म्हणाले, लग्नसराई संपू द्या, मग पाहू. त्या गृहस्थांनी मुलाला वर्गातून काढले नाही. गेल्या मंगळवारी झाडण्याची पाळी त्याचीच होती. वडील बाहेर दुचाकीवर बसून राहिले आणि मुलगा केरसुणी घेऊन दूरच्या कोपऱ्यापासून निघाला. माझ्या नातीने त्याला फडके भिजवून दिले.